कोरडे आढळले

मागच्या वर्षी शाबान महिन्यातली गोष्ट. रात्री नऊच्या सुमाराला माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. नाव लिहीत नाही, कारण तो अजून त्याच कारखान्यात कामाला आहे. दहावीला माझ्याकडे उर्दू आणि मराठी दोन्ही होतं त्याचं. पुढे आयटीआय करून फिटर झाला. हातात खाकी पाकीट, पाकिटात टाईप केलेलं एक पान. कारणे दाखवा नोटीस. "सर, याचा खुलासा लिहून द्या. मला लिहायला जमंना," म्हणाला.

त्याच्या कारखान्यात प्लास्टिकचे पाईप होतात. बाहेरच्या उंच टाकीतली पावडर नळीतून ओढून आतल्या मिक्सरपर्यंत नेतात. ओढायचं काम एक ब्लोअर करतो. तो ब्लोअर रात्रपाळीत जाम झाला आणि लाईन दीड दिवस बंद पडली. पाळीवर हा होता. नोटिशीत लिहिलं होतं की, यंत्र उघडून पाहिले असता रोटर कोरडे आढळले, यावरून वंगणाच्या कामात आपण अक्षम्य हलगर्जी केल्याचे दिसून येते, तरी सात दिवसांत लेखी खुलासा करावा.

मी दोनदा वाचलं. भाषा ठीक होती. मला वाटलं, पोरगा चुकलाच असणार, आता माफीची चार वाक्यं नीट लिहून द्यावीत. तसं बोलूनही दाखवलं. तो चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "सर, उसमें तेल रहताच नै."

आमचं बोलणं दखनीत होतं, म्हणून ते वाक्य आहे तसं ठेवलं. त्याचं म्हणणं एवढंच होतं की त्या यंत्राच्या पोटात तेल कधीच नसतं. तेल असतं ते दोन्ही टोकांच्या गिअरच्या डब्यात आणि बेअरिंगला. ते त्याने भरलेलं होतं, वहीत नोंदही होती. पण आतले रोटर कोरडेच फिरतात, कोरडे राहावेत म्हणूनच ते यंत्र तसं बनवलेलं आहे. म्हणजे नोटिशीत पुरावा म्हणून जे लिहिलं होतं, ती यंत्राची तब्येत ठीक असल्याची खूण होती. एखाद्याचं हृदय धडधडत आढळलं, सबब त्याच्यावर गुन्हा, असा तो मामला.

मी भाषेचा शिक्षक. बी.एड. केलंय, मेकॅनिकल नव्हे. पण एका विशेषणावर माणसाची नोकरी टांगलेली असेल तर तो माझ्या विषयाचाच प्रश्न झाला. सात दिवस होते. त्यातले चार मी हे यंत्र समजून घेण्यात घालवले आणि त्याचा इतिहास वाचता वाचता खुलासा राहतो की काय अशी वेळ आली. जे कळलं ते इथे लिहितो.

सुरुवात नावापासून. यंत्राच्या पाटीवर नुसतं ट्विन लोब ब्लोअर असं लिहिलेलं असतं, पण जुने फिटर त्याला रूट्स ब्लोअर म्हणतात. माझ्या विद्यार्थ्याची समजूत होती की रूट्स म्हणजे मुळं, उर्दूत जडें, हवा मुळासकट उपटतो म्हणून हे नाव. कल्पना सुंदर आहे, पण चुकीची. रूट्स हे आडनाव आहे. फिलँडर हिग्ली रूट्स आणि फ्रान्सिस मॅरियन रूट्स हे दोघे सख्खे भाऊ. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात कनर्सव्हिल नावाचं छोटं गाव आहे, तिथे त्यांची लोकरीची गिरणी होती. गावाशेजारून व्हाईटवॉटर कालवा जायचा आणि त्या पाण्यावर गावातले कारखाने चालायचे.

गिरणी म्हटल्यावर मला ते भाऊ एकदम जवळचे वाटले. मी सोलापूरचा. वडील इथल्या एका गिरणीत जॉबर होते, आणि भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या घरात मी वाढलो. गिरणीला लागते शक्ती. ती पाण्याची असो, वाफेची असो की विजेची, ती कमी पडली की मालकाची झोप उडते. रूट्स भावांनाही तेच झालं. १८५० च्या दशकात त्यांना जुन्या पाणचक्कीपेक्षा चांगली चक्की हवी होती. त्यांनी एक लांबट गोल पेटी केली. तिच्यात दोन लाकडी रोटर शेजारी शेजारी बसवले. प्रत्येकाचा आडवा छेद इंग्रजी आठच्या आकड्यासारखा, म्हणजे कमरेत बारीक आणि दोन्ही टोकांना गोल. मराठी ४ चं चित्र डोळ्यांसमोर आणू नका, इंग्रजी आठच हवा. वरून पाणी आलं की दोन्ही रोटर एकमेकांच्या उलट दिशेला फिरतील आणि दांडा फिरेल, असा बेत होता.

पुढची हकीकत त्या गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पाणी सोडल्यावर लाकूड फुगलं. फुगलेले रोटर एकमेकांत आणि पेटीत अडकून बसले. भावांनी ते बाहेर काढून तासले, पुन्हा बसवले आणि नीट फिरतात का पाहायला कोरड्यातच दांड्याला पट्टा लावून फिरवले. पेटीच्या तोंडातून असा झोत निघाला की शेजारी उभ्या असलेल्या एका ओतकाम कारखान्याच्या माणसाची टोपी उडाली. तो म्हणाला, पाणचक्की म्हणून हे काही कामाचं नाही, पण माझ्या भट्टीला वारा घालायला याच्यासारखं दुसरं नाही. टोपीची गोष्ट खरी की नंतर कोणी चिकटवली, कोण जाणे. एवढं मात्र कागदावर आहे की १८६० मध्ये दोघा भावांना फिरत्या ब्लोअरचं पेटंट मिळालं आणि त्यांचा लोकरीचा धंदा मागे पडून ब्लोअरचा धंदा पुढे आला.

लाकूड फुगलं, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती पुन्हा लागणार आहे.

आता यंत्र चालतं कसं. माझ्या विद्यार्थ्याने मला हे आमच्या स्वयंपाकघरात दोन काकड्या कापून समजावलं, मी शब्दांत प्रयत्न करतो. पेटीत दोन आठ उभे आहेत असं समजा. एकाचा फुगीर भाग दुसऱ्याच्या कमरेत येतो, तो बाहेर पडेपर्यंत दुसऱ्याचा फुगीर भाग याच्या कमरेत येतो. दोघं सतत एकमेकांच्या अगदी जवळून जातात, पण शिवत नाहीत. पेटीच्या भिंतीलाही शिवत नाहीत. मधे फट असते, मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाची. दोघांची गाठ पडू नये ही जबाबदारी बाहेरच्या दोन दातेरी चाकांची, ज्यांना कामगार टाईमिंग गिअर म्हणतात. चाकं एकमेकांना घासतात, म्हणून त्यांना तेल लागतं. रोटर कशालाच घासत नाहीत, म्हणून त्यांना तेल लागत नाही. सगळं गणित एवढंच आहे.

रोटर फिरला की त्याची कमर आणि पेटीची भिंत यांच्यामधे हवेचा एक खिसा पकडला जातो. हा खिसा भिंतीच्या कडेकडेने पलीकडच्या तोंडापर्यंत नेऊन रिकामा होतो. एका फेरीत असे चार खिसे जातात, दर रोटरचे दोन. पिचकारीसारखा दट्ट्या नाही, उघडझाप करणारी झडप नाही. आणि गंमत म्हणजे वाटेत हवा दाबलीही जात नाही. खिसा जेवढा घेतला तेवढाच पलीकडे पोचतो. तो उघडताच बाहेरची जास्त दाबाची हवा उलटी आत घुसते आणि खिशातल्या हवेला एकदम दाबते. या प्रत्येक घुसण्याचा एक ठोका. म्हणून रूट्स ब्लोअर एवढा ओरडतो आणि म्हणून त्याला सायलेन्सर लागतो. हल्ली दोनऐवजी तीन पाकळ्यांचे रोटर करतात, त्याने ठोका थोडा मऊ होतो.

ही झाली फुंकण्याची बाजू. ओढण्याची बाजू म्हणजे तेच यंत्र, फक्त नळी दुसऱ्या तोंडाला जोडायची. ब्लोअरला स्वतःला फुंकणं आणि ओढणं यातला फरक कळत नाही. तो इकडचा खिसा तिकडे टाकतो. ज्या बाजूची हवा कमी होत जाते तिथे आपण म्हणतो व्हॅक्यूम.

न्यूयॉर्कमध्ये १८७० साली याचा एक भन्नाट नमुना लोकांनी पाहिला. आल्फ्रेड ईली बीच या गृहस्थाने टपालाच्या नळ्या टाकायची परवानगी काढली आणि ब्रॉडवेच्या खाली गुपचूप बोगदा खणला. बोगदा शंभर मीटरहूनही थोडा आखूड, त्यात एकच डबा. टोकाला रूट्स भावांचा एक अवाढव्य ब्लोअर. ब्लोअर फुंकायचा आणि डबा प्रवाशांसह दुसऱ्या टोकाला जायचा. मग हवेची दिशा उलटवायची आणि तोच डबा ओढून परत आणायचा. तिकीट पंचवीस सेंट. पैसा आणि परवानग्या यांच्या घोळात प्रकरण १८७३ च्या सुमाराला बंद पडलं. १९१२ मध्ये नवी भुयारी रेल्वे खणताना मजुरांना तो विसरलेला बोगदा सापडला. माझा विद्यार्थी हे ऐकून म्हणाला, "सर, म्हणजे आमची पावडर जशी जाते तशी माणसं जायची." तंतोतंत तसंच.

इथे "ओढणं" या शब्दाबद्दल थोडं. आपण सहज म्हणतो, ब्लोअर हवा ओढतो. पण हवेला दोरी बांधून ओढता येत नाही. होतं असं की खिसा भरून गेला की मागे जागा मोकळी होते आणि उरलेली हवा आपण होऊन त्या जागेत पसरते. पुन्हा खिसा गेला, पुन्हा पसरली, प्रत्येक वेळी आधीपेक्षा विरळ. हवेचा हा पसरण्याचा गुण फार जुन्या काळी एका माणसाने नेमका पकडला होता. दहाव्या शतकातला अबू नस्र अल फाराबी. आपण त्याला तत्त्वज्ञ आणि संगीताचा जाणकार म्हणून ओळखतो, पण खला, म्हणजे पोकळी, या विषयावर त्याचा एक छोटा निबंध आहे. पाण्यात बुडवलेल्या भांड्यांचे दाखले घेऊन तो म्हणतो की, हवेचं आकारमान ठरलेलं नसतं, मिळेल तेवढी जागा ती भरून काढते. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला की खला अशी गोष्टच नाही. निष्कर्ष पुढे टिकला नाही. निरीक्षण टिकलं, आणि पावडरच्या त्या नळीत ते रोज खरं होतंय.

हे मी शिक्षकांच्या खोलीत सांगितलं, तर एक सहकारी खूश होऊन म्हणाले, बघा, म्हणजे हे यंत्रही आपलंच, आणि पंप तर अल जझरीने शोधलाच होता. त्यांनी मोबाईलवर आलेला एक मजकूरही दाखवला. मला यावर जरा तिखट बोलावं लागलं. अल जझरीने १२०६ साली पुरा केलेल्या ग्रंथात समोरासमोर दोन नळकांडी असलेला, पाणी ओढून वर चढवणारा पंप रेखाटला आहे, आणि तो खरोखर थोर आहे. पण तो दट्ट्या आणि झडपांचा पंप. रूट्स भावांच्या यंत्रात नेमक्या याच दोन गोष्टी नाहीत. जझरीला दुसऱ्याची टोपी घालून मिरवायची गरज नाही, त्याची स्वतःची आहे. आपल्या शेजारी सगळं काही पुराणात होतं म्हणणारे लोक असतात, त्यांना आपण हसतो. मग आपण तेच का करावं?

खरं पाहिलं तर रूट्स भावांनाही एकट्याने मान देता येत नाही. १८४८ मध्ये आयझाया डेव्हिस नावाच्या माणसाने याच तत्त्वाचं यंत्र मांडलं होतं, म्हणजे पेटंटच्या बारा वर्षं आधी. फ्रान्झ रूलो हा जर्मन अभ्यासक. त्याने यंत्रांच्या हालचालींवर १८७५ मध्ये एक जाडजूड ग्रंथ काढला, त्यात पेटीत बंद केलेल्या जोडचाकांचं एक आख्खं घराणंच मांडलं आहे. सतराव्या शतकातल्या पापेनहाइमच्या दातेरी चाकांच्या पंपापासून बेल्जियमच्या खाणीत हवा खेळवणाऱ्या फाब्रीच्या यंत्रापर्यंत, आणि त्यातच आपला हा ब्लोअर. दातेरी चाकाचे दात कमी करत दोनवर आणले की रूट्सचा रोटर झाला, इतकं ते सरळ नातं आहे. कनर्सव्हिलच्या भावांना यातलं काही माहीत होतं असं वाटत नाही. त्यांनी आपलं लाकूड तासलं आणि गिऱ्हाईक मिळवलं.

यंत्र मग जगभर पसरलं. जर्मनीत एर्झन गावच्या कारखान्याने १८६८ मध्ये ते बनवायला घेतलं. भट्ट्यांना, खाणींना ते लागलं. उलट करून, म्हणजे वाहत्या गॅसने रोटर फिरवून किती खिसे गेले ते मोजायचं, असे गॅसचे मीटर झाले. मोटारींच्या इंजिनात जास्त हवा कोंबायला ते बसवलं, त्यावरून बेंटलीच्या एका गाडीला लोक ब्लोअरच म्हणतात.

पण व्हॅक्यूमच्या नाजूक कामात ते यायला बराच काळ गेला. व्हॅक्यूमच्या दुनियेत फटीला मोठं वैर. सतराव्या शतकात ऑटो फॉन गेरिकेने मागडेबुर्गचे ते दोन अर्धगोल घोड्यांना ओढायला लावले, तेव्हा त्याच्या पंपाचा सगळा जीव गळती थांबवण्यात होता, त्यासाठी तो पंपाभोवती पाणीसुद्धा ठेवी. पुढची जवळजवळ तीनशे वर्षं चामडं, पाणी, पारा, तेल, काही ना काही मधे घालून फट बुजवायची हीच रीत राहिली. तेलाने फट बुजते, पण तेलाची वाफ मालात जाते. औषध असो, पीठ असो, प्लास्टिकची पावडर असो, तेल लागलं की माल वाया. उलट मालाची धूळही तेलात जाते आणि चिखल होतो. रूट्सचं यंत्र जन्मापासून उघड्या फटीचं. त्याला कोण विचारणार?

१९५४ पासून मात्र त्याला व्हॅक्यूमच्या कामात मानाची जागा मिळाली. एक गोष्ट आधी पुरेशी ध्यानात आली नसावी. हवा जितकी विरळ, तितकी ती बारीक फटीतून मागे झिरपायला कमी पडते. साध्या दाबाला जी फट चाळणीसारखी वागते, ती खूप कमी दाबाला जवळजवळ भिंत होते. म्हणून हा ब्लोअर एकट्याने न चालवता त्याच्या पुढे दुसरा पंप जोडायचा, त्या पंपाने आधी दाब उतरवायचा, आणि मग ब्लोअरने मोठाले खिसे भराभर त्याच्याकडे टाकायचे. याला बूस्टर म्हणतात. पोलादातला गॅस काढणं, औषधं वाळवणं, अशा कामांत हे जोडपं सर्रास दिसतं.

माझ्या विद्यार्थ्याचा ब्लोअर मात्र एकटा होता. एका बाजूला पावडरची नळी, दुसऱ्या बाजूला उघडी हवा. अशा एकट्याची एक मर्यादा असते, साधारण अर्ध्या वातावरणाइतकं ओढणं. यापुढे न्यायचं तर पेटीत बाजूने थंड हवा सोडणारे खास प्रकार लागतात. मर्यादा शक्तीची नाही. मोटर दांडगी लावता येते. मर्यादा उष्णतेची आहे, आणि आमच्या खुलाशाचा गाभा हाच.

वर म्हटलं तसं, खिसा उघडला की बाहेरची हवा त्यात घुसून दाबते. दाबली की तापते. नळीत अर्धा दाब उरला असेल तर हिशोबाने हवा साधारण ८५ अंशांनी तापते, म्हणजे ३० अंशांची आत आली तर ११५ ने बाहेर. नळी आणखी तुंबली आणि एक तृतीयांश दाब उरला तर तोच आकडा सुमारे १७० अंशांवर जातो. शिवाय तुंबल्यामुळे नवी गार हवा येणं कमी होतं, तीच तापलेली हवा फटीतून मागे येऊन पुन्हा पुन्हा दाबली जाते. पेटीला बाहेरून वारा लागतो, ती थोडी तरी निवते. आतल्या रोटरला निवायला वाट नाही. तीनशे मिलिमीटरचा बिडाचा रोटर शंभर अंशांनी तापला तर साधारण ०.३ मिलिमीटर वाढतो. आणि फट किती होती? एक-दोन दशांश.

म्हणजे तीच गोष्ट. कनर्सव्हिलमध्ये लाकूड पाण्याने फुगलं होतं, इथे बीड उष्णतेने फुगलं. दोन्हीकडे रोटर एकमेकांना भिडले आणि बसले.

मी त्याला विचारलं, नळी तुंबली होती का? तो उसळून म्हणाला, "सर, तेच तर! फिल्टरच्या पिशव्या बदला म्हणून मी तीनदा लिहिलंय." पावडर मिक्सरवर उतरते तिथे कापडी पिशव्यांचा फिल्टर असतो, हवा गाळून ब्लोअरकडे पाठवायला. पिशव्या चोंदल्या होत्या. व्हॅक्यूमच्या गेजचा काटा चार दिवस लाल रेघेच्या पुढे होता. असं झालं तर आपोआप उघडून बाहेरची हवा आत घेणारा एक रिलीफ व्हॉल्व्ह असतो. तो गंजून बसला होता. तो तपासायचं काम याचं नव्हतं, याच्या वरच्या माणसाचं होतं, आणि ब्लोअर उघडताना तोच माणूस शेजारी उभा होता. रोटर कोरडेच असतात हे त्याला ठाऊक नसेल? ऑफिसातल्या कारकुनाला ठाऊक नसणं मी समजू शकतो. त्याने विचारलं असेल, आत काय दिसलं? कोणीतरी म्हणालं असेल, कोरडं होतं. खोटं कोणीच बोललं नाही.

वहीची पानं त्याने मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवली होती, हे त्याचं शहाणपण. माझ्या वडिलांकडे ते नव्हतं. १९९० च्या आसपास त्यांच्या खात्यात एक साचा मोडला, तेव्हा त्यांनी दुसऱ्याने लिहिलेल्या कागदावर न वाचता सही केली होती. त्यांना उर्दू वाचता यायचं, कागद मराठीत होता. त्या सहीने किती पगार कापला गेला ते आम्हाला घरात बरेच महिने कळत होतं. मी उर्दूबरोबर मराठी घेतली त्याला इतर कारणंही आहेत, पण हे एक आहे.

खुलासा दोन पानी झाला. माफीचं एकही वाक्य घातलं नाही. पहिल्या परिच्छेदात फक्त एवढंच लिहिलं की, सदर यंत्र तेलविरहित प्रकारचे असून त्याचे रोटर चालू स्थितीतही कोरडेच असतात, ही बाब यंत्रासोबत आलेल्या कंपनीच्या पुस्तिकेत नमूद आहे. सोबत त्या पानाची प्रत. दुसऱ्यात गिअरच्या डब्यातल्या तेलाच्या नोंदी, तारखांसह. तिसऱ्यात गेजचे चार दिवसांचे आकडे आणि पिशव्यांबद्दलच्या तीन नोंदी. चौथ्यात, रोटरच्या पाकळ्यांवर घासल्याच्या खुणा आणि उष्णतेचा निळसर रंग दिसतो, बेअरिंग व गिअर शाबूत आहेत, तरी तज्ज्ञाकडून तपासणी व्हावी, अशी विनंती. रिलीफ व्हॉल्व्हबद्दल लिहावं की नाही यावर आमचा वाद झाला. तो म्हणाला, नको सर, तो माणूस रोज समोर असतो. मी म्हणालो, लिही. शेवटी "व्हॉल्व्हच्या स्थितीचीही तपासणी व्हावी" एवढं लिहिलं, कोणाचं काम होतं ते लिहिलं नाही. अजूनही मला वाटतं की लिहायला हवं होतं. पण नोकरी त्याची होती, माझी नव्हती.

तो सही करायला लागला तेव्हा मी त्याला पूर्ण मोठ्याने वाचायला लावलं. दोन ठिकाणी अडखळला. "तेलविरहित" ऐवजी "बिनतेलाचे" करू का, म्हणाला. मी म्हणालो, तुझ्या वरच्यांना तेलविरहित जास्त घाबरवेल, राहू दे.

उत्तर महिन्याने आलं, ईदच्या नंतर. नोटीस मागे घेतली असं कुठेही लिहिलं नव्हतं. "आपला खुलासा दप्तरी दाखल करण्यात येत आहे" इतकंच. दोन दिवसांचा कापलेला पगार परत मिळाला नाही. पुढच्या आठवड्यात त्याने मला एक फोटो पाठवला. नवा रिलीफ व्हॉल्व्ह, पितळी, चकचकीत, शेजारी नवं गेज, आणि गेजखाली कोणीतरी रंगाने लिहिलेलं, काटा लाल रेघेपुढे गेल्यास ब्लोअर बंद करावा. "करावा" मधला "रा" रंग ओघळून खाली आला होता. अक्षर त्याचंच, मी दहावीचे पेपर तपासलेत.